गोळी थांबली, की कुत्र्याच्या पोटाने थांबवली? बीगलवरच्या गॅमा सिंटिग्राफी सेवेचं परीक्षण

तोंडावाटे घ्यायच्या औषधाचं नवं फॉर्म्युलेशन तयार झालं, डिसोल्युशनचे (द्रवात गोळी किती वेगाने औषध सोडते याच्या चाचणीचे) आलेख मनासारखे आले, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: पोटात गेल्यावर ही गोळी नेमकी कुठे आणि कधी उघडते? या प्रश्नाचं उत्तर काही संशोधन संस्था आणि कंत्राटी प्रयोगशाळा सेवा म्हणून विकतात. गोळीत अल्पायुषी किरणोत्सर्गी खूण घालायची, ती बीगल कुत्र्यांना द्यायची, गॅमा कॅमेऱ्याने ठरावीक अंतराने चित्रं घ्यायची आणि शेवटी तक्ता हातात ठेवायचा: जठरात इतके तास, लहान आतड्यात इतके, मोठ्या आतड्यात इतके. भारतात दिल्लीच्या इनमास या अणुवैद्यक संस्थेत या पद्धतीचं बरंच काम झालं आहे. खुणेसाठी लागणारा टेक्नेशियमचा जनरेटर, म्हणजे ज्यात मॉलिब्डेनमच्या क्षयातून हे किरणोत्सर्गी मूलद्रव्य तयार होत राहतं ते उपकरण, अणुऊर्जा विभागाच्या वाशीतल्या ब्रिट या संस्थेकडून मिळतो.

हे परीक्षण कुठल्या एका प्रयोगशाळेचं नाही, त्या सेवेचं आहे. मत आधीच सांगून टाकतो. रक्तातल्या औषधाचा आलेख विचित्र आला आणि त्याचं कारण शोधायचं असेल, तर ही सेवा पैसे वसूल करून देते. गोळी शरीरात किती वेगाने झिजते हे पाहायलाही ती उत्तम. पण 'आमची गोळी जठरात आठ तास थांबते' एवढं छापण्यासाठी ती घ्यायची असेल, तर थांबा. बीगलच्या जठरात पुष्कळ गोळ्या आठ तास थांबतात. त्यात गोळीचं कर्तृत्व किती आणि कुत्र्याचं किती, हे वेगळं काढलं नसेल तर चित्राला अर्थ नाही.

खूण: सगळा खेळ इथे ठरतो

रोजच्या वापरातली खूण म्हणजे टेक्नेशियम-९९एम. १४० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे गॅमा किरण आणि ६ तासांचं अर्धायुष्य. कॅमेऱ्याचा सोडियम आयोडाइडचा स्फटिक जणू या ऊर्जेसाठीच बनवलेला. जनरेटरमधून टेक्नेशियम पर्टेक्नेटेट या रूपात मिळतं. ते डीटीपीए या धातू पकडून ठेवणाऱ्या रसायनाच्या कोल्ड किटमध्ये, म्हणजे तयार संचात, घातलं, की किटमधलं स्टॅनस क्लोराइड त्याचं क्षपण करतं आणि टेक्नेशियम डीटीपीएला बांधलं जातं. डीटीपीए आतड्यातून जवळजवळ शोषलं जात नाही, म्हणून ते पोटातच राहतं आणि चित्रात दिसतं.

घोळ होतो तो न बांधलेल्या, मोकळ्या पर्टेक्नेटेटमुळे. ते आतड्यातून शोषलं जातं, रक्तात फिरतं आणि थायरॉइड, लाळग्रंथी व जठराच्या अस्तरात साठतं. जठराच्या अस्तराची ही सवय इतकी पक्की आहे, की मेकेल्स डायव्हर्टिक्युलमच्या (आतड्याला असलेल्या, कधी जठराचं अस्तर असणाऱ्या जन्मजात पिशवीच्या) तपासणीत तिचाच उपयोग करतात. आता कल्पना करा: गोळी दोन तासांत फुटली, मोकळं पर्टेक्नेटेट आतड्यातून रक्तात गेलं, तिथून जठराच्या भिंतीत आलं आणि सहाव्या तासाच्या चित्रात जठर चमकतंय. अहवालात मात्र 'गोळी सहा तास जठरात' असं लिहिलं जाणार. जठरात थांबणाऱ्या गोळ्यांच्या कामात यापेक्षा घातक चूक नाही, कारण ती नेमकी ग्राहकाला हव्या त्या दिशेने होते. ही चूक ओळखायची रीत सोपी आहे: प्रत्येक चित्रात मान दिसली पाहिजे. थायरॉइडच्या जागी ठिपका उमटला, की तिथून पुढचे जठराचे आकडे संशयित. काही ठिकाणी कॅमेऱ्याची चौकट फक्त पोटावर ठेवतात आणि मान कापून टाकतात. अशी चित्रं स्वीकारू नयेत.

मोकळं पर्टेक्नेटेट मोजायला आयटीएलसीच्या (पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीच्या) पट्ट्या लागतात, आणि दोन द्रावकांत दोन पट्ट्या. ॲसिटोनमध्ये मोकळं पर्टेक्नेटेट द्रावकाबरोबर वर जातं, बाकी सगळं तळाशी राहतं. सलाइनमध्ये डीटीपीए आणि पर्टेक्नेटेट दोन्ही वर जातात, क्षपण होऊन कोलॉइड बनलेलं टेक्नेशियम तळाशी राहतं. एकाच पट्टीवर काम भागवणारी प्रयोगशाळा अर्धंच सांगते आहे. बांधणी ९५ टक्क्यांच्या वर हवी, आणि ती फक्त किट बनवल्यावर नाही. लेबल गोळीत घालून, गोळी दाबून, ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात सहा तास ठेवल्यावर पुन्हा मोजायची. कोटेशनमध्ये ही दुसरी चाचणी सहसा नसते. मागून घ्यावी लागते.

जनरेटरची एक बारीक गोष्ट. शनिवार-रविवार ज्यातून काहीच काढलेलं नाही अशा जनरेटरमधून सोमवारी सकाळी पहिल्यांदा जे निघतं, त्यात टेक्नेशियम-९९एम बरोबर त्याचंच क्षय होऊन बनलेलं दीर्घायुषी टेक्नेशियम-९९ जास्त असतं. रसायन म्हणून दोघांत फरक नाही. किटमधलं मोजकं स्टॅनस क्लोराइड दोघांवर खर्च होतं आणि मोकळं पर्टेक्नेटेट वाढतं. म्हणून सोमवारचं पहिलं काढून टाकायचं आणि दुसऱ्या काढणीतलं वापरायचं. प्रयोगाचे दिवस मंगळवार ते गुरुवार असतील, तर प्रयोगशाळेला हे माहीत आहे असं समजायला हरकत नाही. त्याबरोबर प्रत्येक काढणीत मॉलिब्डेनम किती निसटलं याची नोंदही मागा. मर्यादा दर मिलिक्युरी टेक्नेशियममागे ०.१५ मायक्रोक्युरी.

खूण गोळीत घालायच्या तीन रीती आहेत आणि तिघींची फळं वेगळी. पहिली, डीटीपीएचं द्रावण लॅक्टोजवर सुकवून ते मिश्रणात मिसळून गोळी दाबायची. गोळी जशी झिजेल तशी खूण बाहेर पडते, म्हणून झिजण्याचा वेग पाहायला हीच रीत. पण सकाळी सहाला दाबलेल्या गोळीतली खूण दहा वाजेपर्यंत सुमारे ६३ टक्के उरते. म्हणजे कुत्र्याला देताना ४ मेगाबेक्वेरेल (किरणोत्सर्गाचं एकक) हवे असतील तर दाबताना जवळपास ६.४ घालावे लागतात, आणि हाताने, शिशाच्या आडोशामागे, एकेक गोळी दाबावी लागते. अशा गोळीचा कठीणपणा यंत्रावरच्या गोळीशी जुळतोच असं नाही. दुसरी रीत, तयार गोळीला एक-दीड मिलिमीटरचं भोक पाडून त्यात खूण लावलेल्या रेझिनचे दाणे भरायचे आणि तोंड बंद करायचं. सोय मोठी, कारण गोळी कारखान्यातलीच. मात्र एचपीएमसी या पाण्यात फुगून जेल बनणाऱ्या पॉलिमरच्या गोळीत हे भोक म्हणजे कमजोर जागा. गोळी तिथूनच चिरते. रेझिन विरघळत नाही, त्यामुळे ते फक्त 'गोळी कुठे आहे' सांगतं, 'किती उरली' सांगत नाही. खूण विरघळणारी की न विरघळणारी, हे कोटेशनमध्ये स्पष्ट नसेल तर पुढचं वाचू नका.

तिसरी रीत कागदावर सगळ्यांत देखणी. गोळीत काही मिलिग्रॅम साधं, किरणोत्सर्गी नसलेलं सॅमेरियम ऑक्साइड घालून ती नेहमीच्या यंत्रावर, नेहमीच्या कामगारांनी बनवायची, आणि नंतर अणुभट्टीत न्यूट्रॉनांच्या माऱ्याखाली ठेवायची. सॅमेरियम-१५२ चं सॅमेरियम-१५३ होतं: १०३ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, सुमारे ४६ तासांचं अर्धायुष्य, दोन दिवस सुखाने चित्रं घेता येतात. पण अणुभट्टी फक्त सॅमेरियमला ओळखत नाही. गोळीतल्या सोडियमचं सोडियम-२४ बनतं, त्याचं अर्धायुष्य १५ तासांचं आणि गॅमा किरण इतके जोरकस की कॉलिमेटरच्या, म्हणजे कॅमेऱ्यापुढच्या जाळीच्या, शिशाच्या भिंती पार करून चित्र धुरकट करतात. जठरात थांबावी म्हणून तिथल्या द्रवावर तरंगणाऱ्या गोळीत वायूसाठी सोडियम बायकार्बोनेट असतं, विघटनासाठी क्रॉसकारमेलोज सोडियम असतं. म्हणजे ज्या गोळ्यांसाठी ही रीत हवीशी वाटते, त्यांनाच ती सगळ्यांत जास्त सतावते. शिवाय भट्टीतल्या किरणांनी एचपीएमसीच्या साखळ्या तुटून जेलचा घट्टपणा कमी होऊ शकतो. भट्टीत जाऊन आलेल्या आणि न गेलेल्या गोळीचं डिसोल्युशन शेजारी शेजारी मांडलेलं नसेल, तर या रीतीचे पैसे देऊ नयेत.

तिन्ही रीतींना लागू होणारी गोष्ट एकच: चित्रात खूण दिसते, औषध दिसत नाही. औषध कधीच बाहेर पडून गेलेलं असेल आणि रिकामा जेलचा गोळा जठरात फिरत असेल, तरी कॅमेरा तोच ठिपका दाखवतो. म्हणून चित्रांबरोबर रक्ताचे नमुने घेतले नाहीत तर अर्धी माहिती फुकट जाते. दोन्ही एकाच दिवशी, एकाच कुत्र्यात हवं. चित्रं एका गटात आणि रक्त दुसऱ्या गटात, असा स्वस्त पर्याय कोणी सुचवला तर नको म्हणावं. कुत्र्याकुत्र्यात जठर रिकामं होण्याचा वेळ इतका बदलतो की दोन गट जोडताच येत नाहीत.

कुत्रा: चांगला, पण माणूस नव्हे

बीगल निवडण्याची कारणं रास्त आहेत. ८ ते १२ किलोचा प्राणी, शांत स्वभाव, माणसाची पूर्ण आकाराची गोळी गिळू शकतो. उंदरात हे शक्यच नाही. त्याला ९ नंबरची चिमुकली कॅप्सूल देता येते, अडीच-पावणेतीन मिलिमीटर जाडीची, आणि तिचा माणसाच्या गोळीशी संबंध नावापुरता. डुकराची त्वचा माणसाच्या जवळची असेल, पण त्याच्या जठरात मोठी न फुटणारी गोळी कित्येक दिवस अडकून राहू शकते. म्हणून कुत्रा.

पण त्याच्या पोटाची तऱ्हा समजून घ्यायला हवी. उपाशी पोटी जठर-आतड्यात साधारण दीड-दोन तासांनी एक जोरदार लाट येते, झाडलोट करणारी. मोठी, न फुटलेली गोळी त्या लाटेबरोबरच बाहेर पडते. गोळी लाटेच्या आधी पाच मिनिटं दिली तर लगेच जाते, नंतर पाच मिनिटांनी दिली तर दोन तास थांबते. सहा कुत्र्यांत दहा मिनिटं ते दोन तास असा पसारा दिसला तर तो गोळीचा दोष नाही, घड्याळाचा आहे. खाल्लेल्या पोटी गोष्टच वेगळी. दिवसातून एकदा भरपेट जेवणाऱ्या कुत्र्यात ही लाट आठ तासांहून जास्त वेळ येतच नाही, आणि तोवर जठर सुमारे २ मिलिमीटरहून मोठे घन कण मागे ठेवतं. तेव्हा जेवणानंतर दिलेली कुठलीही न फुटणारी गोळी, मग ती तरंगो, फुगो वा नुसती दगडासारखी पडून राहो, जठरातच राहणार.

इथेच या सेवेतली सगळ्यांत महाग फसगत होते. अहवालात सुंदर चित्रं असतात, आठव्या तासालाही जठरात ठिपका असतो, आणि तुलनेसाठी काहीच नसतं. त्याच आकाराची, त्याच वजनाची, न तरंगणारी आणि न फुटणारी साधी गोळी त्याच कुत्र्यांना, तेवढ्याच जेवणानंतर दिल्याशिवाय 'जठरात थांबते' हा शब्द वापरायचा अधिकार मिळत नाही. माणसाचं जठरद्वार साधारण १३ मिलिमीटरचं. बीगलचं त्याहून अरुंद. कुत्र्यात अडकलेली ११ मिलिमीटरची गोळी माणसात निघून गेली तर नवल नाही.

आम्लतेचंही तसंच. उपाशी बीगलच्या जठरात आम्ल कमी स्रवतं; पीएच कधी २, कधी ६ च्या वर. जठरात न विरघळण्यासाठी आंत्रावरण दिलेली गोळी अशा जठरातच उघडायला लागते, आणि अहवाल म्हणतो 'आवरण निकामी'. इलाज जुना आहे: गोळीच्या साधारण अर्धा तास आधी पेन्टागॅस्ट्रिन ६ मायक्रोग्रॅम प्रतिकिलो स्नायूत देऊन आम्ल वाढवायचं. परिणाम तासाभराचा, म्हणून इंजेक्शन आणि गोळी यांच्या वेळा नोंदीत मिनिटासह हव्यात. लहान आतड्यातला पीएच उलट माणसापेक्षा साधारण एका एककाने जास्त. माणसाच्या लहान आतड्याच्या शेवटी, पीएच ७ ला उघडावं म्हणून बेतलेलं आवरण कुत्र्यात बरंच अलीकडे उघडतं. मोठ्या आतड्यात औषध पोहोचवणाऱ्या गोळीची परीक्षा कुत्र्यात घेताना हे डोक्यात ठेवलं नाही, तर चांगली गोळी नापास होते.

वेळेचा हिशेबही जुळत नाही. माणसाच्या लहान आतड्यातून गोळी साधारण तीन-चार तासांत जाते, कुत्र्यात दोनेक तासांत. मोठं आतडं तर अगदी आखूड. बारा तास औषध सोडणारी गोळी कुत्र्याला दिली की ती निम्मं औषध न सोडताच शरीराबाहेर पडते. दुसरीकडे पित्तक्षार भरपूर, म्हणून न विरघळणारी औषधं कुत्र्यात जास्त शोषली जातात. आणि पेशींच्या मधल्या फटी सैल, म्हणून ॲटेनोलॉलसारखं औषध माणसात जेमतेम निम्मं शोषलं जातं ते कुत्र्यात जवळपास पूर्ण. २०१४ मध्ये १८४ औषधांची प्राण्यांतली आणि माणसातली जैवउपलब्धता (दिलेल्या औषधाचा रक्तात पोहोचणारा हिस्सा) शेजारी ठेवून पाहिली गेली, तेव्हा कुत्रा आणि माणूस यांचा मेळ आर-वर्ग ०.३७ (पूर्ण मेळ म्हणजे १) इतकाच निघाला. उंदीर ०.२८, माकड ०.६९. कुत्र्यावरून माणसाचा आकडा काढून देतो म्हणणाऱ्या अहवालावर हा ०.३७ पेन्सिलीने लिहून ठेवावा.

देण्याची रीत साधी पण चुकायला सोपी. रात्रभर उपास, पाणी चालू. गोळी जिभेच्या मुळाशी ठेवून लगेच तोंडात सिरिंजने ५० मिलीच्या आसपास पाणी. पाणी कमी दिलं तर जिलेटिनची कॅप्सूल अन्ननलिकेला चिकटते, आणि पहिल्या चित्रातला छातीवरचा ठिपका कोणी पाहिला नाही तर अर्धा तास 'जठरात' म्हणून मोजला जातो. जेवण चार तासांनी. प्रत्येक कुत्र्याला सगळी फॉर्म्युलेशनं आळीपाळीने, मध्ये आठवड्याचा अवकाश. आणि कुत्रा शांत राहावा म्हणून झायलाझिन हे गुंगीचं औषध नको, एकदम नको. ते आतड्याची चाल मंदावतं, वर कुत्र्यात उलटीही आणतं. गोळी बाहेर पडलेली, प्रयोग संपलेला. कापडी झोळीत शांत उभं राहायला शिकवलेले कुत्रे हवेत. शिकवायला काही आठवडे जातात, म्हणून ज्या प्रयोगशाळेकडे असे कुत्रे आधीपासून आहेत तिचं कोटेशन थोडं महाग असलं तरी तेच घ्यावं. भूल देऊन काढलेली आतड्याच्या चालीची चित्रं म्हणजे झोपलेल्या माणसाच्या चालण्याचं चित्रीकरण.

कॅमेरा आणि आकडे

यंत्रभागात तक्रारीला जागा कमी. कॅमेरा मोजतो ती ऊर्जेची खिडकी १४० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टवर, वीस टक्के रुंद. रोज सकाळी कोबाल्ट-५७ च्या पाट्याने कॅमेऱ्याची एकसमानता तपासलेली असावी. पहिले दोन तास दर १५ मिनिटांनी, मग आठव्या तासापर्यंत दर अर्ध्या तासाने, नंतर १२ आणि २४. २४ व्या तासाला टेक्नेशियम सोळाव्या हिश्शावर आलेलं असतं, तेव्हा त्या चित्राला मिनिटभराऐवजी तीन-चार मिनिटं द्यावी लागतात. काही जण देत नाहीत आणि 'खूण संपली' असं लिहितात.

आकड्यांत पाहायच्या गोष्टी दोन. एक, क्षयाची दुरुस्ती. ती विसरली तर सहाव्या तासाला निम्मी गोळी गायब झाल्यासारखी दिसते. दोन, पुढून आणि मागून अशी दोन्ही बाजूंची चित्रं घेऊन गुणोत्तरी मध्य काढला आहे का. समजा जठरातली गोळी पोटाच्या बाजूने ९०० गणना देते आणि पाठीच्या बाजूने ४००. गुणाकाराचं वर्गमूळ ६००. तीच गोळी थोडी आत सरकून दोन्हीकडून ६०० दिसली, तरी वर्गमूळ ६००च. फक्त एका बाजूचं चित्र असतं तर ९०० चे ६०० झाले, म्हणजे तिसरा हिस्सा विरघळला, असा निष्कर्ष निघाला असता. गोळी विरघळलीच नव्हती, फक्त ऊतींच्या जास्त जाडीखाली गेली होती.

जठराची हद्द दिसावी म्हणून इंडियम-१११ ही दुसरी किरणोत्सर्गी खूण घातलेलं पाणी किंवा जेवण देतात. कल्पना चांगली. पण इंडियमच्या १७१ च्या किरणांचा विखुरलेला भाग १४० च्या खिडकीत शिरतो, म्हणून इंडियम टेक्नेशियमच्या चौथ्या-पाचव्या हिश्शापेक्षा जास्त नको. हद्द कोणी आखली, हा शेवटचा मुद्दा. जठर कुठे संपतं आणि आतडं कुठे सुरू होतं, हे धूसर चित्रावर माणूसच हाताने आखतो. कुठल्या गोळीचं चित्र आहे हे माहीत नसलेल्या दोघांनी स्वतंत्रपणे आखावं आणि दोन्ही आकडे द्यावेत. कच्ची डायकॉम चित्रं (कॅमेऱ्याच्या मूळ फाइली) ताब्यात घ्या. रंगीत जेपीईजीत रंगपट्टी बदलून काहीही चमकवता येतं.

स्वस्तातला ससा

आपल्याकडच्या फार्मसी कॉलेजांत एम.फार्म.च्या प्रबंधांसाठी चालणारा पर्याय वेगळाच आहे: ससा, बेरियम सल्फेट घातलेली तरंगती गोळी, आणि दर दोन तासांनी एक्स-रे. स्वस्त आणि परवानगीला सोपं. पण दोन्ही पाय चुकीच्या दगडावर. सशाचं जठर उपास केला तरी रिकामं होत नाही, आणि तो स्वतःच्या मऊ लेंड्या खातो. अशा जठरात गोळी थांबली नाही तरच नवल.

दुसरं, बेरियम सल्फेटची घनता ४.५ च्या जवळ. ५०० मिलिग्रॅमच्या, ०.९६ घनतेच्या तरंगणाऱ्या गोळीतून १.३ घनतेचं १०० मिलिग्रॅम औषध काढून तेवढंच बेरियम घातलं, की आकारमान ०.५२ वरून ०.४६५ मिलीवर येतं आणि घनता १.०७ होते. गोळी बुडते. मग ती तरंगावी म्हणून बायकार्बोनेट वाढवतात, आणि जी तरंगते ती मूळ गोळी नसतेच. पाच मिलिग्रॅम सॅमेरियम ऑक्साइड घनतेने बेरियमच्या जवळपास दुप्पट जड, पण इतकं थोडं की गोळीला पत्ताही लागत नाही. एक्स-रेच करायचा असेल तर कुत्र्यात, बेरियम दहा टक्क्यांच्या खाली ठेवून, आणि बेरियमसह गोळीचं तरंगणं नव्याने मोजून करावा.

बाकीची यंत्रं, धावता आढावा

उंदरातलं फ्लुओरेसन्स चित्रण नॅनोकणांच्या कामात फार बोकाळलं आहे. चित्रं आकर्षक, किंमत माफक. दोन सापळे मात्र जुनेच. नेहमीच्या खाद्यात अल्फाल्फा असतं, त्यातलं क्लोरोफिल लाल प्रकाशात स्वतःच चमकतं आणि सगळं आतडं 'औषधाने' भरलेलं दिसतं. आठवडाभर आधीपासून अल्फाल्फाविरहित खाद्य द्यायलाच हवं. आणि रंग कणातून सुटून पेशींच्या चरबीत शिरतो. यकृतात रंग दिसला म्हणजे कण यकृतात पोहोचले, असं नाही. उंदीर विष्ठाही खातो. जाळीच्या तळाचा पिंजरा नसेल तर दुसऱ्या दिवशी 'जठरात टिकून राहिलेले' कण प्रत्यक्षात परत गिळलेले असतात.

एमआरआयने मात्र या क्षेत्राला खरोखर काहीतरी शिकवलं, आणि तेही माणसात. २०१४ मधल्या एका अभ्यासात १२ निरोगी उपाशी माणसांना २४० मिली पाणी दिलं. जठरातलं निम्मं पाणी १३ मिनिटांत गेलं. लहान आतड्यात आधी सरासरी ४३ मिली पाणी होतं, ते जास्तीत जास्त ९४ पर्यंत चढलं, आणि तेही सलग नव्हे, लहान लहान डबक्यांत. आपण डिसोल्युशनला ९०० मिली वापरतो. किरणोत्सर्ग नाही, पण गोळी दिसावी म्हणून तिच्यात लोह ऑक्साइडसारखं काही घालावं लागतं आणि यंत्राचा तासाचा दर जड पडतो.

कोटेशन हातात आल्यावर

भारतात कुत्र्यांवरचा प्रस्ताव संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीच्या मंजुरीवर थांबत नाही, तो पुढे प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्राच्या सीसीएसईए समितीकडे जातो. त्याचे महिने वेळापत्रकात धरलेले नसतील तर वेळापत्रक खोटं आहे. प्रयोगानंतर कुत्र्यांच्या पुनर्वसनाचा खर्चही कोटेशनमध्येच दिसायला हवा. तो टाकलेला नसेल तर कुत्र्यांचं पुढे काय होणार, हे लेखी विचारा. किरणोत्सर्गासाठी एईआरबीचा (अणुऊर्जा नियामक मंडळाचा) परवाना आणि किरण सुरक्षा अधिकारी, याला पर्याय नाही. विष्ठा आणि बिछाना दहा अर्धायुष्यं, म्हणजे ६० तास, बंद ठेवून मगच बाहेर काढतात. इंडियम वापरलं असेल तर तेच २८ दिवस होतात. इंडियमचा खर्च सुचवणाऱ्याने साठवणीच्या खोलीचा खर्चही सांगितलेला असावा.

आणि एक विचार कुत्रे मागवण्याआधीच करून पाहावा. औषध माणसात आधीच वापरात असेल, बदल फक्त गोळीच्या बांधणीत असेल, तर सहा-आठ निरोगी स्वयंसेवकांत ४ मेगाबेक्वेरेल टेक्नेशियमसह थेट अभ्यास करता येतो. किरणांची मात्रा छातीच्या एका सीटी स्कॅनच्या तुलनेत नगण्य. मंजुऱ्या वेगळ्या, एथिक्स कमिटी वेगळी, स्वयंसेवकांचा विमा वेगळा. पण पीएच माणसाचा, जठरद्वार माणसाचं, झाडलोटीची लाटही माणसाचीच. मार्च २०२३ मध्ये आपल्या नवऔषध आणि क्लिनिकल चाचणी नियमांत प्राण्यांविना चाचण्यांना जागा मिळाली, डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेनेही कायदा बदलला. जठरात थांबणाऱ्या गोळीसाठी तर कुत्र्यांचा टप्पा गाळून इकडे यावं, असंच आमचं मत आहे. कुत्रे ठेवायचेच असतील तर पहिल्या फेरीत औषधाची गोळी देऊच नका. त्याच आकाराची साधी, न फुटणारी गोळी सहाही कुत्र्यांना द्या, उपाशी एकदा आणि जेवणानंतर एकदा. ती जेवणानंतर दहा तास जठरात राहिली, तर उरलेल्या फेऱ्यांची ऑर्डर तिथेच थांबवता येते. तशी सोय करारात आधीच लिहून घ्यावी.